गच्चीवरचे बोंबील आणि जिनिव्हाची बैठक

रंजिता घरत नेमकं काय काम करते हे गव्हाणात कुणालाही धड सांगता येत नसे, म्हणून ज्याला जे बरं वाटेल ते तो सांगे. नाक्यावरच्या सलूनमध्ये ती कॉम्प्युटरची वकील होती. देवळामागच्या बायकांच्या मते ती परदेशातल्या कुठल्याशा कचेरीत साहेब होती आणि घरी बसून साहेबपणा करायची, म्हणजे नुसती चैन. शेजारची पोरंपोरी फोन घेऊन दारात यायची. "ताई, तू एआयमधी हायस ना? माजा फोन हँग होतंय, बघ ना जरा." आणि तिचे वडील भगवानशेठ, ज्यांचा रेती-खडीचा धंदा उलव्यापासून उरणपर्यंत पसरला होता, ते लग्नकार्यात तिची ओळख करून देताना नुसतं "आमची पोरगी, जिनिव्हाची" एवढंच म्हणत आणि समोरच्यानं पुढं काही विचारायच्या आत जेवणाच्या पंगतीकडे वळत. एकदा एका पाहुण्यानं नेटानं विचारलंच, "जिनिव्हा म्हंजे कंच्या बाजूला?" भगवानशेठ जराही न अडखळता म्हणाले, "खोपोलीच्या पुढं."

खरं तर काम सांगण्यासारखं होतं. जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत रंजिता कृत्रिम बुद्धिमत्तेची धोरण विश्लेषक होती. देशोदेशीच्या सरकारांनी ही नवी यंत्रं लोकांच्या कामात वापरताना काय काळजी घ्यावी, याच्या शिफारशींचे मसुदे ती लिहायची. लिहिणं हा त्यातला लहानसा भाग. मोठा भाग म्हणजे लिहिलेलं इतरांच्या तावडीतून वाचवणं. एखादा देश म्हणे, "'करावे' हा शब्द फार कडक आहे, 'करता येईल' लिहा." दुसरा म्हणे, "'करता येईल' लिहिलंत तर करणार कोण?" मग दिवसभराच्या घासाघिशीनंतर "शक्य तेथे करावे" यावर सगळे खूश व्हायचे आणि रंजिता एकटी नाखूश.

या घासाघिशीची तिला लहानपणापासून गोडी होती. आजोळ चिरनेरचं, जंगल सत्याग्रहाच्या गावचं; तिकडच्या माणसांना सरकारला प्रश्न विचारायची सवय जुनीच. गव्हाणला घरतांची मिठागरं होती, ती सरकारी भूसंपादनात गेली, शेतं गेली, आणि जाताना कागदांचे ढीग मागे ठेवून गेली. ते कागद शाळकरी रंजिता ओट्यावर बसून चार म्हाताऱ्यांना वाचून दाखवायची. "सदरहू" म्हणजे काय आणि "उपरोक्त" म्हणजे काय हे सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणसाचं घर इकडचं तिकडे होतं. पुढे ती मुंबईला कायदा शिकली. शिकत असताना एका सरकारी नोंदणीच्या शिबिरात बोटाचे ठसे घ्यायचं यंत्र होतं, आणि आयुष्यभर मीठ ओढलेल्या बायकांच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्र म्हणे, पुन्हा बोट ठेवा. बायका पुन्हा ठेवत. यंत्र म्हणे, पुन्हा ठेवा. शेवटी एक बाई यंत्राला म्हणाली, "किती वेला ठेवू रं बाबा, यो माजाच हात हाय." सगळे हसले, रंजिताही हसली, पण घरी येताना बसमध्ये ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग शिष्यवृत्ती, परदेशात दोन वर्षं, आणि ही नोकरी. काम घरूनच. भगवानशेठांनी कधीतरी घेऊन ठेवलेला नवीन पनवेलचा फ्लॅट तिला मिळाला. सकाळी ती वाचायची, दुपारी जिनिव्हाला जाग आली की स्क्रीनसमोर बसायची, आणि शनिवार-रविवार गव्हाणला.

तर यंदा माघात तिचा एक परिच्छेद कापला गेला.

परिच्छेद साधाच होता. सरकारी किंवा सार्वजनिक कामासाठी बोलणारी यंत्रं ठेवाल तर ती छापील भाषेवर पोसू नका, त्या भागातले लोक जसे बोलतात तसं त्यांना कळलं पाहिजे; आणि यंत्रानं एखाद्याच्या विरुद्ध निर्णय दिला, तर त्या माणसाला जिवंत माणसाशी बोलता आलं पाहिजे. तिची वरिष्ठ मार्गारिता, मूळची लिस्बनची, बोलायला गोड आणि कात्री चालवायला निष्ठुर. तिनं फोन करून सांगितलं, "उत्तरेकडच्या एका देशाच्या प्रतिनिधीचं म्हणणं आहे, पुरावा कुठे आहे?"

"पुरावा माझ्या घरात आहे," रंजिता म्हणाली.

हा पुरावा म्हणजे तिची आत्या, कमळाबाई. भगवानशेठांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून माहेरीच, आणि घरात शेवटचा शब्द तिचा. गॅसचं बुकिंग हल्ली फोनवर एक यंत्र घ्यायचं. त्या यंत्राशी आत्याचं झालेलं बोलणं रंजितानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"सिलिंडर हवा असल्यास 'हो' म्हणा," यंत्र मंजुळ आवाजात म्हणालं.

"हय," आत्या म्हणाली.

"माफ करा, मला समजलं नाही. कृपया 'हो' किंवा 'नाही' म्हणा."

"हय म्हंतंय ना मी!"

"माफ करा, मला समजलं नाही."

"मना पन नाय समजला. तू कोनाची गो? घरी कोन मोठा मानूस हाय का, त्याला दे फोन."

"आपली विनंती रद्द करण्यात येत आहे. धन्यवाद."

"अगो ए!" आत्या फोनवर ओरडली, आणि मग तिनं तो फोन दिवसभर पालथा घालून ठेवला, त्याचं तोंड बघायला नको म्हणून.

मार्गारिता हे ऐकून खूप हसली आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात सगळ्या प्रतिनिधींची ऑनलाइन बैठक आहे. तुला थोडा वेळ देते. तुझ्या आत्यालाच आण."

आत्याला आणणं सोपं नव्हतं. रंजितानं सुचवलं, की बैठकीच्या दिवशी आत्यानं नवीन पनवेलला यावं, तिथे इंटरनेट चांगलं आहे, खोली शांत आहे.

"मी नाय येनार," आत्या म्हणाली. "वर बोंबील वालत घातलंत. मी तिकडं गेले का मांजरी हितं जेवतील."

"आत्ये, अगो जगभरातली माणसं तुझं ऐकणार आहेत."

"मंग जगाला सांग गव्हानला याला."

शेवटी जग गव्हाणला आलं. ठरलं असं, की लॅपटॉप गच्चीवर न्यायचा, प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्या बसणार, मागे काठ्यांवर टांगलेले बोंबील आणि आत्याच्या हातात मांजरींसाठी काठी. काठी स्क्रीनमध्ये दिसू नये एवढी एकच अट रंजितानं कशीबशी मान्य करून घेतली.

बैठकीच्या दिवशी आत्या हळदीला निघाल्यासारखी नटून आली. ठेवणीतलं लुगडं, गळ्यात सोनं, अंबाड्यावर अबोलीची वेणी. भगवानशेठांचा या कार्यक्रमाशी काही संबंध नव्हता, तरी तेही कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गच्चीवर आले आणि "वायर बघतो" असं सांगून कॅमेऱ्याच्या आसपास घोटाळू लागले.

स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत प्रतिनिधी होते. कुणी कॉफी पीत होतं, कुणाचं डोकं अर्धंच दिसत होतं. रंजितानं आधीच सांगितलं होतं, की आत्याचं बोलणं मी स्वतः इंग्रजीत सांगेन. पण बैठक सुरू होताना मार्गारिता आनंदानं म्हणाली, "त्याची गरज नाही! आपण नवीन भाषांतर यंत्रणा घेतली आहे. बोललेलं आपोआप इंग्रजीत खाली उमटतं. तिला मराठी येतं."

रंजिता स्क्रीनकडे झुकली. "मराठी येतं, पण..." ती म्हणेपर्यंत अध्यक्षांनी आत्याचं स्वागत करून टाकलं आणि विचारलं, आपण कोण, कुठे राहता.

आत्या सरसावून बसली. "मी कमलाबाय. गव्हानला रहतंय."

खाली इंग्रजी अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ होता: मी कमळ-स्त्री आहे. मी गव्हात राहते.

दोन-तीन चौकोनांत भुवया वर गेल्या. एका प्रतिनिधीनं आदरानं मान लववली. रंजिता घाईघाईनं माइक चालू करायला गेली तेवढ्यात वायर बघणारे भगवानशेठ वाकून कॅमेऱ्यात आले, दोन्ही हात जोडून म्हणाले, "नमस्कार. मी भगवान. ह्यो सगला माजाच हाय."

खाली उमटलं: नमस्कार. मी देव आहे. हे सर्व माझेच आहे.

आता कॉफी पिणाऱ्यानं कप खाली ठेवला. मार्गारिताचा चेहरा हसू दाबून दाबून लाल झाला होता. रंजिता म्हणाली, "क्षमा करा, भाषांतरात थोडी गडबड आहे, मी सांगते..." पण आत्याला आता बोलायचं होतं. गॅसबद्दल बोलायचं हे तिला चार वेळा समजावलं होतं. पण समोर एवढी माणसं बसलेली, त्यांना आधी आपल्या घरचं काही दाखवायला नको? तिनं मागे हात केला.

"हे बोंबील टांगलंत बघा वर. आज ऊन बरा हाय. आजून दोन दिवस तापलं का झाला काम."

खाली अक्षरं उमटली: हे बॉम्ब वर टांगले आहेत, पहा. आज ऊन चांगले आहे. आणखी दोन दिवस तापले की काम होईल.

आणि नेमकं त्याच क्षणी, गव्हाणला हल्ली दिवसातून कितीदा तरी घडतं तसं, नव्या विमानतळावरून सुटलेलं एक विमान गडगडत डोक्यावरून गेलं. आत्यानं कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि ती कौतुकानं म्हणाली, "इमान आला! आमचे बाजूलाच हाय विमानतल. इमान आला का हे कावले सगले उरून जातान, बरा होतंय."

विमान आले. विमानतळ आमच्या बाजूलाच आहे. विमान आले की हे सगळे उडून जाईल. बरे होईल.

स्क्रीन काळी झाली. मधोमध पांढऱ्या अक्षरांत एकच वाक्य राहिलं: सुरक्षेच्या कारणास्तव ही बैठक स्थगित करण्यात आली आहे.

"झाला?" आत्या म्हणाली. "आजून गॅसचा सांगायचा रायलाय ना."

रंजिता खाली बसली. खुर्चीवर नाही, तिथेच गच्चीवर. तिला हसू येत होतं आणि हसायची भीती वाटत होती. बैठक यंत्रानं बंद केली होती, हे उघड होतं, कुणी माणूस असता तर निदान "काय?" तरी म्हणाला असता. तिनं पुन्हा आत शिरायचा प्रयत्न केला. तिचं खातं गोठवलेलं. ईमेल उघडेना. शेवटी मदतीसाठी एक खिडकी सापडली आणि तीत एक सहायक होता. तोही यंत्रच.

तिनं लिहिलं, "भाषांतरात चूक झाली. ते बॉम्ब नाहीत, मासे आहेत."

सहायकानं उत्तर दिलं, "तुमची भावना मी समजू शकतो. कृपया बॉम्बचा प्रकार निवडा."

"बॉम्ब नाहीत. मासे. वाळवलेले."

"धन्यवाद. तुमचे स्पष्टीकरण नोंदवले आहे. तुमचे अपील फेटाळण्यात आले आहे. या संभाषणाला तुम्ही किती तारे द्याल?"

माणसाशी बोलता आलं पाहिजे, असं तिनं मसुद्यात लिहिलं होतं. त्या वाक्याला "शक्य तेथे" जोडायचं का, यावर तिच्याच संस्थेत दोन महिने चर्चा चालली होती. आता ती स्वतः त्या "शक्य तेथे"च्या बाहेर उभी होती आणि दार कुठे आहे ते दिसत नव्हतं. तिला राग आला. एवढा राग तिला कुठल्याही देशाच्या प्रतिनिधीचा कधी आला नव्हता. रागाच्या भरात तिनं सहायकाला एकही तारा दिला नाही, तर त्यानं विचारलं, "तुमचा अनुभव आम्ही आणखी चांगला कसा करू शकतो?"

इकडे भगवानशेठांना वेगळीच धास्ती. "बाय, ते बोंबील काढ आदी," ते बहिणीला म्हणाले. "विमानतल बाजूला हाय. कोन आला चौकशीला तर?"

"येऊ दे. आला तर बघल ना, बोंबील हायेत का काय ते."

"अगो, पन..."

"भगवान, आरदा कच्चा हाय माल. आता काढला तर वास मारल. तू खाली जा, चा ठेवायला सांग."

भगवानशेठ, ज्यांच्यापुढे डंपरवाले चळचळ कापत, मुकाट्यानं खाली गेले.

तिकडे जिनिव्हात मार्गारिताचंही खातं गोठलं होतं, कारण बैठक तिनं बोलावली होती. तिनंही सहायकाशी बोलून पाहिलं. मग तिनं लॅपटॉप मिटला, जिने उतरून तळमजल्यावर सुरक्षा विभागाकडे गेली आणि हातानं दार वाजवलं. आत एक माणूस होता.

ऊन कलायच्या सुमारास रंजिताचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पलीकडे निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, गंभीर चेहरा. "माझं नाव मामादू. मी सुरक्षा विभागातून बोलतोय. प्रश्न नियमानं विचारावे लागतात, राग मानू नका. त्या वस्तू अजून तुमच्या गच्चीवर आहेत?"

"आहेत," रंजिता म्हणाली.

"मला दाखवाल?"

ती फोन घेऊन गच्चीवर गेली. कलत्या उन्हात बोंबील ओळीनं लटकत होते, आकसत चाललेले, तोंडात तोंड अडकवून काठीवर टाकलेले. आत्या अजून वेणी घालूनच बसली होती, मांजरींच्या पहाऱ्यावर. रंजितानं फोन हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला.

मामादूनं चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला.

मग तो म्हणाला, "मीठ लावता की नुसतेच वाळवता?"

"काय?"

"तुमच्या आत्याबाईंना विचारा. मीठ लावून, की नुसते उन्हावर?"

तो सेनेगलचा होता, समुद्रकाठच्या गावचा. त्याची आई, मावश्या, सगळ्या मासे वाळवायच्या; लहानपणी शाळेत त्याच्या कपड्यांना वास येतो म्हणून पोरं चिडवायची. हे त्यानं सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा सुरक्षा विभाग कुठल्या कुठे गेला होता. रंजिता मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगू लागली.

"नुसतंच," आत्या म्हणाली. "बोंबलाला मीट कशाला? सगला पानीच असतंय त्याचे अंगात, उनानं जातंय. कोन हाय हा?"

"सुरक्षेचा माणूस आहे, आत्ये. त्यांच्याकडे पण मासे वाळवतात."

"आसा होय? मंग त्याला इचार, माश्या बसतान त्याला ते काय करतान."

मामादूनं विचारात पडून सांगितलं, की त्याची आई जाळी टाकायची आणि धूर करायची. आत्याला धुराची कल्पना आवडली नाही. धुराचा वास लागतो. मामादू म्हणाला, तोच तर खाण्यात मजा. आत्या म्हणाली, तुमच्याकडे काय ते तुमच्याकडे. दोघंही आपल्या मतावर ठाम राहिले आणि दोघंही फार खूश दिसत होते. भगवानशेठ चहाचा कप घेऊन जिन्यात थबकले, आणि धोका टळला असं दिसल्यावर पुढे येऊन पुन्हा नमस्कार करायला लागले, तर रंजितानं त्यांना डोळ्यांनी दटावलं.

शेवटी मामादूनं घसा साफ केला. "मला कारण लिहावं लागेल. वस्तूचं नाव सांगा, एकेक अक्षर करून."

रंजितानं अक्षरं सांगितली. त्यानं ती काळजीपूर्वक उतरवली, मोठ्यानं वाचली, "बोम्बील", आणि हसत म्हणाला, "खरं सांगू? अक्षरं बघितली तर यंत्राला अगदीच दोष देता येत नाही. पण ते एकदा विचारू शकलं असतं."

त्याच आठवड्यात बैठक पुन्हा भरली. या वेळी भाषांतर यंत्रणा बंद होती आणि रंजिता स्वतः सांगत होती. प्रतिनिधी आधीपासूनच हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. भगवानशेठ दिसतील म्हणून दोघं-तिघं स्क्रीनच्या कडा निरखत होते. आत्यानं गॅसची गोष्ट सांगितली, "तू कोनाची गो"सकट. भाषांतर होईपर्यंत क्षणभर शांतता असे आणि मग हशा उसळे, आणि उशिरा येणाऱ्या हशाची आत्याला लगेच सवय झाली. ती बोलून झाल्यावर पदर सारखा करत त्याची वाट पाहू लागली. मग तिनंच प्रश्न टाकला, "तुमचेकडं कसा काय मागवतान गॅस?" त्यावर कोपऱ्यातल्या चौकोनातला एक वयस्क प्रतिनिधी म्हणाला, की त्याची आई डोंगराळ भागातली, ती बँकेच्या यंत्राला रोज शिव्या घालते, आणि त्या शिव्या मात्र यंत्राला बरोबर समजतात.

उत्तरेकडचा प्रतिनिधी एवढ्यानं नमणारा नव्हता. तो सभ्यपणे म्हणाला, "प्रसंग मनोरंजक आहे. पण एक प्रसंग म्हणजे पुरावा नव्हे."

रंजितानं आवाज चढवला नाही. "त्या दिवशी तुम्हीही बैठकीत होता. बैठक बंद झाल्यावर तुम्ही काय केलंत?"

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "मी मदतीच्या खिडकीत लिहिलं."

"मग?"

"मला तारे द्यायला सांगितलं," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

त्यानंतरही दोन तास घासाघीस झालीच. रंजिताला "माणसाशी बोलता आलेच पाहिजे" हवं होतं. तिला "आलेच" मिळालं नाही. "शक्य तेथे" मात्र तिनं येऊ दिलं नाही, त्या जागी "विनाविलंब" घातलं. बोलीभाषांचा उल्लेख राहिला, पण "प्रादेशिक वैविध्य" असा गुळगुळीत होऊन. संध्याकाळी तिनं आत्याला सगळं समजावून सांगितलं, काय मिळालं, काय सुटलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे गॅसवाली आता सुधारल?"

"लगेच नाही सुधारणार, आत्ये. सरकारांनी मानलं तर. काही वर्षं जातील."

"मंग तवर तूच करत जा माजा बुकिंग," आत्या म्हणाली. रंजितानं लगेच करून टाकलं. तिच्याही "हो"ला यंत्र पहिल्यांदा "माफ करा" म्हणालं, कारण ती हसत होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर शिफारशी मंजूर झाल्या आणि त्या बैठकीला रंजिता जिनिव्हाला गेली. मोठ्या सभागृहात तिचा परिच्छेद कुणीही हरकत न घेता पार पडला. पार पडल्यावर आसपास कुणालाच काही विशेष घडल्यासारखं वाटलं नाही, याची तिला गंमत वाटली. मग मार्गारितानं तिला तळ्याकाठी फिरायला नेलं आणि मुख्यालयात कायमची जागा देऊ केली. वरचं पद, तळ्याच्या बाजूची खिडकी.

रंजिता चार दिवस त्या शहरात फिरली. ट्रामचं तिकीट यंत्रानं दिलं, हॉटेलचं दार यंत्रानं उघडलं, दुकानात यंत्रानं तिला नावानं नमस्कार केला. कुणीही तिला "पुन्हा सांगा" म्हणालं नाही. तिला बरं वाटलं, आणि मग थोडं अस्वस्थही. चौथ्या दिवशी ती मार्गारिताला म्हणाली, "इथे मला सगळी यंत्रं समजून घेतात. इथे बसले तर काय बिघडलंय ते मला कळणारच नाही. मला तेच पद नवीन पनवेलहून करू दे."

मार्गारितानं कपाळाला आठ्या घातल्या, तळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मग सगळ्या बैठका तुझ्या दुपारी ठेवाव्या लागतील. माझी सकाळची कॉफी गेली म्हणायची." पण तिनं ते वरच्यांकडून मान्य करून घेतलं, आणि ते काही सोपं नव्हतं, हे रंजिताला पुढे दुसऱ्यांकडून कळलं.

घरी मात्र घोटाळा होऊन बसला होता. नव्या जागेची बातमी तिनं फोनवर वडिलांना पहिल्याच दिवशी सांगितली होती, आणि नकार द्यायचा विचार आहे हे सांगायची राहिली होती. भगवानशेठांनी ती बातमी उत्साहानं तिच्या चुलतभावाला, निकेशला दिली. निकेशचा बॅनर छापायचा धंदा. रंजिता विमानतळावरून टॅक्सीनं गावात शिरली तर नाक्यावर दुमजली उंचीचं बॅनर: "गव्हाणची सुकन्या कु. रंजिता भगवान घरत हिची जिनिव्हा येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" फोटो तिच्या दहावीतला, दोन वेण्यांचा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून निम्म्या गावाचे चेहरे.

"बाबा, मी जाणार नाहीये तिकडे," तिनं दारातच सांगून टाकलं.

भगवानशेठ खुर्चीत बसले होते ते उभे राहिले. "नाय जानार? मंग ते बॅनर?"

"उतरवा."

"उतरवा कसा? चार गावच्या पुढाऱ्यांचं फोटो हायेत त्याच्यावर. उद्या इचारतील, आमचा फोटो का उतरवला?" ते खरोखरच काळजीत पडले. थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या आणि मग एकदम थांबून हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे तू हितंच रहनार ना?"

"नवीन पनवेलला. शनिवार-रविवार इथे."

मग खिशातून फोन काढून त्यांनी निकेशला लावला. "हां, निकेश, आयक. त्याच्यात 'जिनिव्हा'च्या आदी 'घरबसल्या' टाकता येल का रं?"

निकेशनं दुसऱ्या दिवशी वेगळ्या रंगाच्या अक्षरांत पट्टी चिकटवली. सोमवारी दुपारच्या बैठकीसाठी रंजिता नवीन पनवेलला निघाली, तेव्हा बस त्या बॅनरखालीच सिग्नलला थांबली. शेजारच्या सीटवरच्या बाईनं वर बघून वाचलं, मग रंजिताकडे बघितलं, मग पुन्हा वर बघितलं.

"तुमीच का त्या?"

"हय," रंजिता म्हणाली, आणि पिशवीतून पुढच्या मसुद्याचे कागद काढून वाचायला लागली.